म्हैस धरून त्रेचाळीस

जांबोटीच्या पुढं डांबर संपलं
तिथं बमू झोरे उभी होती, हातात कोयती,
आणि पहिला प्रश्न तिनंच विचारला :
"जेवून आलास का? तिथं खाता येत न्हाय."

माझ्या पिशवीत मोजपट्टी, खडू,
पारदर्शक कागदाची सुरळी,
आणि कानडी-मराठी दोन्हीत छापलेला तक्ता :
क्रमांक. लांबी. रुंदी. काळ. भाषा.

कुंभ्याच्या झाडापाशी तिनं चपला काढल्या.
मी बुटाच्या नाड्या सोडेपर्यंत
ती राईशी बोलत होती, हळू,
शेजारणीच्या दारात उभं राहून
आत कोण हाय का विचारावं तसं.
"कोण आलाय सांगावं लागतं," म्हणाली,
"तुझं नाव काय मगा सांगितलंस?"
मी पुन्हा सांगितलं. तिनं ते पुढं कळवलं.
वेताच्या जाळीत काहीतरी खसफसलं
आणि गप्प झालं.

व्हाळाच्या काठाला तो सडा.
दुपारचे दोन. दगड नुसता दगड,
शेवाळ वाळून करपलेलं, वर एक बेडकी.
"कुठायत चित्रं?"
"निजल्यात."
ती बसली, तंबाखू मळली. मीही बसलो.
माझ्या घोट्यावर जळू चढली होती,
ती तिनं चुन्याचं बोट लावून उतरवली,
मारली नाही.

साडेचारला ऊन किंदळाच्या बुंध्यामागून
आडवं शिरलं
आणि दगडाच्या अंगावर काटा आला.
आधी वशिंड. नुसतं वशिंड, बैल नंतर.
मग पावलं, लहान, पाच बोटांची, पाण्याकडं जाणारी.
गोलात गोल, गोलात गोल, घरासारखं काहीतरी,
ज्याला दार होतं की नव्हतं मला ठरवता येईना.
आणि एक बाई, डोकं नसलेली,
किंवा जिचं डोकं म्हणजेच वारूळ.

"खडू लावू नको."
"मग नीट दिसणार कसं?"
तिनं व्हाळातलं पाणी ओंजळीनं आणलं
आणि बैलाच्या तोंडाकडून शेपटाकडं सोडलं.
पाणी रेघेरेघेतून गेलं.
बैल काळा झाला, चालला, वाळला.

मी मोजली. बेचाळीस.
आणि खालच्या कोपऱ्यात म्हैस, एक शिंग तुटकं.
"ही माझ्या सासऱ्यानं काढली."
मी वर बघितलं.
"वाघरानं नेली हिला. ताजी व्यालेली.
रेडकू तीन दिस वरडत हुतं ह्याच सड्यावर.
मामांनी गारेचा दगड घेतला नि
टोच टोच टोच.
चौथ्या दिशी रेडकू हितं येऊन बसलं."

मी भिंग लावून पाहिलं. तीच टोच.
तीच खोली.
बैलाला मी मनातल्या मनात तीन हजार वर्षं
देऊन टाकली होती,
ती त्या तुटक्या शिंगाला अडखळली.

"मग बाकीची कुणी काढली?"
"ज्येंच्या म्हशी गेल्या आसतील त्येंनी."
आणि जरा थांबून, मला धीर द्यायला :
"दर पाडव्याला आमी गारगोटी फिरवतोच की समद्यांवर.
बायका पावलांवर, बापय बैलावर.
न्हाईतर बुजत्यात."
"आणि म्हशीवर?"
"मी."

उतरताना काळोख झाला. कुंभ्यापाशी
तिनं परत माझं नाव घेतलं,
गेला म्हणून आत कळवलं.

रात्री खानापुरात, खोलीवर, तक्ता पुढ्यात.
भाषेच्या रकान्यात,
जिच्यावरून आमच्याकडं पाट्यांना काळं फासतात,
मी आडवी रेघ मारली.
काळ : गेल्या पाडव्यापर्यंत.
एकूण : बेचाळीस लिहिलं. खोडलं.
साहेब विचारतील. विचारू देत.

घोट्यावर चुन्याचा पांढरा ठिपका अजून होता,
बमूच्या बोटाएवढा.
पाय धुताना मी तेवढी जागा सोडली.