टॅगवरचं नाव

पासपोर्ट चौघांचे एकदमच काढले होते,
एका बाकावर बसून, एकाच स्टुडिओत.
हसायचं नाही, असं फोटोवाला सांगायचा
आणि बापूसोला तेवढंच जमायचं नाही.

तिकिटं एप्रिलची होती, वीस सालातली.
त्या एप्रिलात राजारामपुरीत
आम्ही वरच्या गॅलरीतून खालच्या गॅलरीत
दोरीनं खर्ड्याची वाटी सोडत होतो
आणि तो खालून ओरडायचा,
"विमान उतरलं रे हिंदूराव!"

गेला तो पुढच्या वर्षी, मे महिन्यात.
पंचगंगेवर कुणाला जाऊ दिलं नाही.
फोनवरचा माणूस म्हणाला, नाव नीट सांगा.
मी सांगितलं: बापूसो आदगोंडा मगदूम.
आवाज तुटतोय म्हणाला.
पुन्हा सांगितलं.

तीन वर्षांनी शालन म्हणाली,
पासपोर्टची मुदत आहे अजून.
थोडं थांबून म्हणाली,
आपलीही आहे.

आमच्या बॅगेची चेन ऐनवेळी गेली.
अक्काताईंनी माळ्यावरून त्याची हिरवी बॅग काढली,
चाकांना कंपनीचं प्लास्टिक तसंच.
"न्या की. पडून काय करती?"
टॅगवर त्याच्याच हातचं नाव,
जन्मभर लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाचं अक्षर,
लिहिलेलं कमी, कोरलेलं जास्त.
काढू का हा, शालननं विचारलं.
अक्काताई बॅगेवरची धूळ पुसत राहिल्या.

दोन किलो भडंग, शेंगदाण्याची चटणी,
गोळ्यांचे डबे, एक जास्तीचा टॉवेल.
एवढं घेऊन क्वालालंपूरला उतरलो
तर काचेवर माझं बोट उठेना.
उद्यमनगरात छत्तीस वर्षं लाकडी पॅटर्न घासले,
पॉलिश पेपरनं लाकूड जेवढं गेलं
तेवढंच बोटही गेलं असणार.
पोरसवदा साहेब ओल्या कागदानं बोट पुसायचा,
दाबायचा, मान हलवायचा.
मी हवेत घासून दाखवलं, असं, असं.
तो हसला. पाचव्या खेपेला उठलं.

तोवर पट्टा थांबला होता.
सगळ्यांच्या बॅगा गेल्या, आमची एकटी
खांबाला टेकवून ठेवलेली,
आणि डोक्याला रुमाल बांधलेली एक मुलगी
टॅग वाचत मोठ्यानं हाका मारत होती,
"बा-पु-सू? मिस्टर बा-पु-सू?"

माझा हात वर गेला.
"आलो," म्हणालो. मराठीतच.
शालननं माझ्याकडं पाहिलं
आणि पदराला लावलेली पिन
उगीच काढून परत लावली.

पेनांगचा समुद्र मोठा आहे.
शालन म्हणाली, रंकाळा बरा, टोक तरी दिसतं.
सकाळी हॉटेलात ती चार खुर्च्यांचं टेबल धरायची,
भात बघून रुसायची, भडंग काढायची.
फोटो काढायला कुणाला सांगितलं की तो खुणावायचा,
मध्ये या, मध्ये या.
आम्ही आपले डाव्या कडेला.
घरी येऊन बघितलं तेव्हा कळलं,
सगळ्या फोटोंत उजवीकडं नुसता समुद्र.

परतल्यावर बॅग द्यायला खाली गेलो.
टॅगवर विमानवाल्यांचे स्टिकर,
एका चाकात तिकडची वाळू.
अक्काताई बसल्या बसल्या बॅगेवर हात फिरवत होत्या.
मी हाकेचं सांगितलं.
सांगू नये असं जिना उतरताना ठरवलं होतं.

"नाव नीट घेतलं का तिनं?"
नीट नाही, म्हणालो.
पण मोठ्यानं घेतलं. सगळ्यांच्या देखत.

त्या उठल्या. चहा टाकला.
साखर दोनदा घातली,
आणि आम्ही तिघांनी तो तसाच प्यालो.
बॅग माळ्यावर चढवू का विचारलं
तर म्हणाल्या, राहू दे दारात.
वाळू जरा सुकू दे.