तात्पुरतं

तासगावात, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर,
एडिटर एकाच खातेदाराला अडतोय:
उज्ज्वला झांबरे.
इंग्रजी अक्षरांत नाव घ्यावं, तर
दुसऱ्या जे-ला मला बाहेर ढकलतो
आणि उरलेलं 'ला' पुढच्याच्या पेट्यांत जाऊन पडतं.

अर्धी सेटिंगं बंद केली.
मग उरलेल्यांतली अर्धी.
हमाल जेवून आले, गेलेसुद्धा.

सापडली. माझीच ओळ, तीन वर्षांपूर्वीची:
दोनदा जे म्हणजे एस्केप.
वर शेरा – करंगळी प्लास्टरात, तात्पुरतं.

खोडली.
झांबरेबाईंच्या चाळीस पेट्या जागेवर आल्या.

करंगळी बरी आहे, तरी
कोपऱ्यातल्या बटणाकडे जातच नाही.
आता फाइलभर,
जिथं जिथं मी थांबलो,
तिथं जेजे,
जेजे.