गळतीचा रकाना

इब्राहीम मुकादम जहाजावर होता तेव्हा
जपानच्या कुठल्याशा बंदरात बोट आठ दिवस अडकली,
आणि तिथला एक क्रेनवाला सुट्टीच्या दिवशी
त्याला धरण दाखवायला घेऊन गेला.
देऊळ नाही, बाजार नाही. धरण.
कचेरीत एक कार्ड देतात म्हणे, पत्त्याएवढं,
पुढे फोटो, मागे उंची, लांबी, पोटातलं पाणी.
लोक गाड्या काढून धरणं हिंडतात,
कार्डं जमवतात, घरी जाऊन जेवतात.
"एवढंच?" मी विचारलं.
"एवढंच," तो म्हणाला, "म्हणून तर बरं."

आता आम्ही दोघे. माझी पेन्शन, त्याची ओम्नी.
रत्नागिरीहून पहाटे निघायचं,
समुद्र उजव्या खिडकीत,
मग एका तिठ्यावर तो पाठीवर टाकायचा.
कातळ, काजू, चिऱ्यांनी लादलेले ट्रक,
आणि लघुपाटबंधारे खात्याचा गंजका फलक
ज्यावर 'पोहू नये' एवढंच उरलंय.

आमच्याकडे कार्ड कोण देणार?
इब्राहीम लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापतो,
हिरव्या शाईने लिहितो:
प्रकार: मातीचं. सांडवा: डावीकडे.
कालवा: नाही.
दुसऱ्यावर, कालवा: आहे, पाणी: नाही.
चहा: मिळतो, राखणदाराकडे, गूळ घालून.
चित्र त्याला येत नाही,
प्रत्येक धरण पालथ्या होडीसारखं दिसतं.
एका कार्डावर नुसतं:
सांडव्यात बैल बसलेला. उठला नाही.

एकतीस झाली.
बत्तिसावं मी टाळत होतो.

पाचेरकोंड. तिथे मी सत्तावीस वर्षांचा होतो,
खिशात दोन पेनं, पायात खात्याचे गमबूट.
घळभरणीच्या वेळी
गाभ्याच्या मातीचे अकरा थर रोलरखाली दाबले
असं मोजमाप पुस्तिकेत आहे. अक्षर माझं.
आठ मी पाहिले.
तीन मी लिहिले.
मृग तोंडावर होता, साहेबांची जीप चालू होती.

मे महिन्यात इब्राहीमने न विचारता गाडी वळवली.
माथ्यावर गवत. पिचिंगच्या दगडांत एक सरडा.
मी पाण्याकडे पाहिलंच नाही,
सरळ मागच्या पायथ्याला उतरलो,
आणि होतीच ती,
अंगठ्याएवढी धार, तिच्याभोवती आळू माजलेलं,
एक बेडूक, दोन हंडे,
आणि शेवंती घवाळी आपली पाळी नसल्यासारखी निवांत.
"होळीला इहिरी आटल्या," ती म्हणाली,
"ह्यो झरा नाय आटत.
कुना पुन्यवंतान ठेवलान."

गढूळ असेल तर माती वाहतेय,
धरण आतून पोकळ होतंय, हे पुस्तकात होतं.
मी ओंजळ उजेडात धरली.
स्वच्छ.
पुन्हा धरली.
स्वच्छ.
तिला वाटलं, माणूस तहानलेला आहे,
तिने तांब्या दिला.

इब्राहीम कार्ड काढून बसला. "गळती?"
मी घड्याळ लावून तिचा हंडा भरू दिला.
"एक हंडा, चव्वेचाळीस सेकंद."
त्याने लिहिलं.
मग मी पेन मागून घेतलं,
पहिल्यांदाच, आणि खाली लिहिलं:
थर: आठ.
त्याने वाचलं, शाईवर फुंकर घातली,
खिशात ठेवलं. काही विचारलं नाही.

कचेरीत कळवलं तर ते धार बुजवतील.
नाही कळवलं तर
मृगाला अजून अठरा दिवस आहेत.
ह्यावर आम्ही पावसच्या तिठ्यापर्यंत बोललो नाही.
तिथे समुद्र डाव्या खिडकीत आला,
आणि इब्राहीम म्हणाला, "चहाचा रकाना राहिला."

चहा तिने दिला होता, कोरा,
त्याच पाण्याचा.
मी दोन कप प्यायलो.