एकच इसम

हिरव्या टॅगमध्ये ओवलेत सगळे कागद,
अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या बॉक्स फाइलमध्ये,
तारखेप्रमाणे; आणि एकाच तारखेचे असतील तर
आधी डॉक्टर, मग लॅब, मग औषधवाला.
औषधवाल्याच्या पावतीची शाई उडते महिन्याभरात,
म्हणून तिची झेरॉक्स तिच्याच पाठीला टाचलेली.
एकतीस वर्षं वह्या तपासल्यात, मनपाच्या शाळेत.
माझ्याकडून कागद हरवत नाही.

तरी क्लेम अडकला.
एका अक्षरावर.

पॉलिसीत भालचंद्र, आधारवर भालचंद्र,
डिस्चार्ज कार्डावर आणि सगळ्या बिलांवर
बालचंद्र.
इंग्रजीतला एक एच गळाला.
रात्री अडीच वाजता, अ‍ॅडमिशनच्या खिडकीत
एक पेंगुळलेला मुलगा टाइप करत होता
आणि मी नाव सांगत होते धापा टाकत.
धापा यांच्या होत्या, पण मलाही लागलेल्या.
मीच नीट उच्चारला नसेल भ.

आठवीच्या वर्गाला सांगायचे :
तळहात धरा तोंडासमोर. म्हणा ब.
आता म्हणा भ.
लागला वारा? तो प्राण.
ब अल्पप्राण, भ महाप्राण.
मागच्या बाकावरची पोरं मुद्दाम थुंकी उडवायची.

खिडकीतल्या त्या मुलाला काय माहीत,
डॉक्टरांच्या आधी
निदान त्यानंच टाइप केलं होतं.

शिवाजीनगर कोर्टाबाहेर, नोटरी बेलसरे.
मजकूर तयारच असतो त्यांच्याकडे, नावं तेवढी बदलायची.
'माझे पती भालचंद्र व बालचंद्र
हे दोन नसून एकच इसम आहेत,
असे मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की...'
'वाचून सही करा, बाई.'

वाचलं. सवयच आहे.
एक तो, पहाटे पाचला वेताळ टेकडी चढणारा,
खालून हाक मारायचा किल्ल्या टाक म्हणून,
तर तिसऱ्या मजल्यावरची मी राहायची बाजूला,
समोरच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत यायची.
आणि एक हा, पलंगापासून मोरीपर्यंत
दोनदा थांबणारा,
चौकट धरून कालनिर्णय बघतोय असं दाखवणारा.
एकादशी परवाच होऊन गेली, तरी बघणारा.

'खोटं निघालं तर शिक्षा असते ना हो?'
बेलसरे चष्म्यावरून बघतात.
'बाई, मागे लाइन आहे.'
सही केली. अंगठाही मागितला, दिला.
शाई साडीला लागली.

घरी आले तेव्हा हे खुर्चीत,
तोंडात ती नळी, तीन गोळ्यांची.
पहिली गोळी वर गेली. दुसरी अर्धी.
तिसरी अजून कधीच हललेली नाही.
नळी काढून, मध्ये एकदा थांबून, विचारलं,
'झालं का... बारसं?'

झालं म्हटलं. पेढे मिळणार नाहीत.

आता हा कागद लावायचा कुठे?
तारखेप्रमाणे म्हटलं तर कुठल्या तारखेला?
आजच्या, की त्या रात्रीच्या,
की त्याच्याही आधी कधीतरी, हाक ऐकू येईनाशी झाली
आणि मी किल्ल्यांची दुसरी जोडी करून आणली, त्या दिवसाच्या?

तळहात पुढे करून म्हणणार होते, म्हणा भ.
नाही म्हटलं.
पंच मशीन शोधत बसले.
क्लेमवाल्यांना ओरिजिनल लागतं,
आपल्याकडे झेरॉक्स ठेवावी, दोन.