दोन लाटांच्या मधे

धक्क्यावर साखळी होती, फळीवर खडूनं लिहिलेलं:
कुणीही उतरू नये.
चिलोएच्या पूर्वेचं हे शेवटचं बेट.
माझ्या वहीत इथली सात पोरं,
सातांपुढे मार्चपासून कोरे रकाने.

मी साखळीला हात लावला नाही.
मोटर बंद केली, मास्क सारखा केला,
बर्फाच्या डब्यातला काटा दाखवला: पाच अंश.

"दुखणं बोटीतूनच येतं," एलेउतेरिओ म्हणाला.
"गोवरही बोटीतूनच आला होता,"
मी बोलून गेले, आणि जीभ चावली.
त्याच्या धाकट्या भावाचा क्रॉस
इथून दिसतो, कुंपणाला टेकलेला.

शिंपले वेचणाऱ्या बायाही थांबल्या.

मग साखळी तशीच ठेवून
म्हातारा पणतीला घेऊन पाण्यात उतरला.
गुडघे, मांड्या, कंबर,
लोकरीचा स्वेटर जड होत गेलेला,
आणि ती वर, वाऱ्याला पाठ करून धरलेली.

बोट वर जाई, तिची इवली मांडी खाली राही.
मी सुई धरून थांबले.
दोन लाटांच्या मधे
समुद्राला जरा विसर पडतो,
तेवढ्यात टोचली.

ती किंचाळली. काठावरच्या सहा जणांनी
आपली पाळी यायच्या आधीच सूर लावला.
आया परकर खोचू लागल्या.

वही भिजली. नावं एकमेकांत उतरली,
तारीख तेवढी वाचता येते.

मोटर सुरू करताना तो ओरडला,
"दुसऱ्या डोसला ओहोटी टाळून ये!
साखळी राहीलच."