तिसरं गाव

वहीत तीन गावं होती.
प्रत्येकापुढे माझ्या बारीक अक्षरात:
इस्पितळ किती लांब, जिने किती,
जानेवारीत उन्हात बसता येतं का,
दोघांतलं एकच उरलं तर भाडं झेपेल का.
हा शेवटचा रकाना आउलिसला दाखवला नाही.

मालागा महाग. दुसऱ्या गावात
आमचेच फिन्निश लोक, आमचीच कॉफी, आमचीच दुखणी.
उरलं तावीरा.
ग्रासिएतबाई घर दाखवत होत्या,
बाल्कनी, लिंबाचं झाड, शेजारणीचं मांजरसुद्धा.
आउलिस नुसतं हं हं करत होता,
गुडघा चोळत.

परतताना बस मिठागरांच्या कडेनं वळली.
ढीग. पांढरे, माणसाहून उंच,
भर उन्हात न वितळणारे.
सदतीस वर्षं तुर्कूच्या रस्त्यांवर
पहाटे चारला बर्फ लोटणारा, मीठ पसरणारा हा माणूस
काचेला नाक लावून बसला.
उजवा पाय आपोआप दाबला गेला
नसलेल्या ब्रेकवर.

"एवढं मीठ," तो म्हणाला,
"आणि कुणाला कुठे पोचायचं नाही."

मी वही पिशवीत टाकली.
संध्याकाळी बाईंना फोन करून हो म्हटलं.

जिने किती,
ते विचारायचं राहिलंच.