चाळीस सेकंद

सोहारच्या किनाऱ्यावर समुद्र गोड करायचा कारखाना.
रात्रपाळी, दोन वाजून दहा मिनिटं,
आत एसी इतका की खांद्यावर शाल
आणि बाहेरून काचेला घाम.
विजेचं बिल चढलं म्हणून वरून फर्मान :
पंपांचा प्रोग्रॅम सुधारा.
तेरा वर्षांचा जुना, ठिगळांवर ठिगळं,
ज्याच्या हाती आला तो आपलं एक शिवून गेला.

मी तो सगळाच्या सगळा यंत्रापुढे टाकला,
बोहारणीपुढे जुनी लुगडी टाकावीत तसा.
त्यानं घासाघीस केली नाही.
म्हणालं, ही यादी दर मिनिटाला पहिल्यापासून लावता,
बदलली तेवढीच ओळ हलवा.
म्हणालं, हे दोन लूप एकमेकांचं काम पुसतात.
म्हणालं, भरतीला समुद्र वर आलेला असतो,
आत ओढायला जोर कमी लागतो,
पंप तेव्हा पळवा, ओहोटीला निजवा.

भरती-ओहोटी!
मी दाभोळची.
हे मला सुचायला हवं होतं.

मग ते एका ओळीशी अडलं.
"प्रत्येक पंपानंतर चाळीस सेकंद थांबणं. कारण सापडत नाही.
शेजारी शेरा आहे, रोमन अक्षरांत, बहुधा मराठी :
थांब रे, पाण्याला दम घेऊ दे."

खाली सही, डी. परकार.
दिलावर परकार, बाणकोटचे.
मी त्यांना पाहिलेलं नाही. खुर्ची मात्र तीच,
आणि खणात मागे सरकलेलं
रमजानचं एक जुनं वेळापत्रक, आगळाची रिकामी बाटली.

सैफ मकबालीला विचारलं. तो पाइपांचा माणूस,
तळहातानं ऐकतो.
"तेव्हा पाचव्या लाइनचा वाल्व फाडकन मिटायचा.
पाणी उलटून पाइपाला धडक द्यायचं,
या भिंतीवरचं घड्याळ पडायचं.
तो वाल्व बदलून सात वर्षं झाली."

सात वर्षं!
रोज, प्रत्येक पंप,
रिकाम्या खोलीबाहेर चपला काढून उभा.

जुन्या नोंदी यंत्राला दिल्या.
त्यानं दाबाचे आलेख चाळले, मला चहा ओतायलाही वेळ झाला नाही :
"तेव्हाही एकोणतीस सेकंदांत पाणी शांत होत होतं.
तीस पुरले असते.
उरलेल्या दहांचा हिशेब लागत नाही."

पहाटे पाचला, तिकडे साडेसहा, फोन लावला.
नंबर सैफकडेच होता, ईदला बोलतात ते अजून.
मागे कोंबडा, लांब एका होडीचं इंजिन.
वाल्व बदलला म्हणताच चाचा हसले,
"मग काढून टाक गो, विचारतेस काय!"
आणि वरचे दहा?
बराच वेळ काही नाही. मला वाटलं, लाइन तुटली.
"तीसच मोजले होते मी. तीन रात्री, स्टॉपवॉच घेऊन.
दहा माझ्या भीतीचे.
खाली लाइनीवर माझा मेव्हणा होता."

ओळ काढली. शेरा ठेवला.
यंत्रानं कळवलं, शेऱ्यानं वेगात फरक पडत नाही.
ठाऊक आहे, मी लिहिलं.

सव्वासहाला नवा प्रोग्रॅम चढवला.
एकामागून एक पंप उठले, कुणी कुणासाठी न थांबता.
सैफनं पाचव्या लाइनवर तळवा टेकला,
डोळे मिटले, मग खालूनच मान हलवली.
पाइप गप्प.
विजेचा काटा खाली उतरून बसला,
वरच्यांना सकाळी हवा होता त्याहून खाली.

मी कॉन्सोलपाशी, टेबलावर बोटं वाजवत,
अठ्ठावीस,
एकोणतीस,
तीस,
आणि तिथे थांबता येईना.